थंड तळ्यांतील सूक्ष्मजीव : पाण्याच्या तापमानाआधी बर्फ पाहावा लागतो

रंकाळ्याचे पाणी हिरवे पडले की कोल्हापुरात कारणांची चर्चा सुरू होते. नाल्यांतून येणारे सांडपाणी, निर्माल्य, जलपर्णी, साचलेला गाळ, लांबलेला उन्हाळा अशी अनेक कारणे सांगितली जातात आणि त्यांतील प्रत्येक थोडेफार खरे असते. मात्र त्यांपैकी उष्णतेचा वाटा किती आणि सांडपाण्याचा किती, हे वेगळे काढून दाखवणे फार अवघड असते, कारण शहराला लागून असलेल्या तलावात ही सगळी कारणे एकाच वेळी काम करत असतात. हवामानबदलाचा पाण्यातील सूक्ष्मजीवांवर होणारा परिणाम स्वच्छपणे पाहायचा असेल, तर जिथे नाला नाही, शेत नाही, खत नाही आणि वस्तीही नाही, अशा तळ्याकडे जावे लागते. कॅनडाच्या उत्तरेकडील बेटे, सैबेरिया, अंटार्क्टिका आणि हिमालयाचा उंच भाग येथील तळी संशोधकांना एवढी मोलाची वाटतात, ती या कारणाने. अर्थात तीही पूर्णपणे निर्मळ नाहीत. दूरच्या कारखान्यांतील पारा आणि कीटकनाशकांचे अंश वाऱ्याबरोबर तिथपर्यंत पोहोचलेले आहेत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्यांचाही या कथेशी संबंध येतो.

हवामानबदलाबद्दल बोलताना आपण मनात एक सरळ हिशेब मांडतो : हवा तापली, म्हणून पाणी तापले, म्हणून जिवाणू वाढले. थंड तळ्यांच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. तिथे पाण्याच्या तापमानापेक्षा बर्फाचे वेळापत्रक आधी बदलते, आणि बर्फ बदलला की पाण्यात शिरणारा प्रकाश, पाण्याची घुसळण, वाहून येणारा गाळ, विरघळलेला प्राणवायू आणि अन्नद्रव्ये या सगळ्यांचीच मांडणी बदलते. सूक्ष्मजीवांना जाणवतो तो प्रामुख्याने हा बदल.

आधी या पाण्यात राहते कोण, ते पाहू. बारमाही थंड, अन्नाची टंचाई असलेल्या तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यातही साधारणपणे लाखभर जिवाणू सापडतात. त्यांच्याबरोबर आर्किया असतात. ते जिवाणूंसारखे दिसतात, पण वंशाने स्वतंत्र आहेत. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आपल्याकडे ज्यांना नील-हरित शैवाल म्हणतात ते, असतात. सिलिकाचे कवच असलेले डायटम नावाचे एकपेशीय शैवाल असतात, जिवाणूंना खाणारे एकपेशीय जीव असतात, आणि या सर्वांना संसर्ग करणारे विषाणू तर बहुधा जिवाणूंपेक्षाही कितीतरी अधिक असतात. अंटार्क्टिकातील काही तळ्यांत मासा नाही, बेडूक नाही, पाणवनस्पतीही नाही. अन्नसाखळी जवळजवळ संपूर्णपणे सूक्ष्मजीवांचीच आहे. तळाशी सायनोबॅक्टेरियांचे जाड, मऊ थर गालिच्यासारखे पसरलेले असतात आणि त्यांची वाढ वर्षाला अगदी नगण्य होते.

थंडीत जगण्यासाठी या जीवांनी आपली रचनाच बदललेली असते. तापमान उतरले की पेशीभोवतालचे स्निग्ध पटल कडक होऊ लागते आणि त्यातून अन्नाची ये-जा थांबते; त्यावर उपाय म्हणून या जीवांच्या पटलात थंडीतही न थिजणारी, असंपृक्त मेदाम्ले जास्त असतात. त्यांची विकरे (एन्झाइम) अधिक लवचीक असतात, त्यामुळे कमी उष्णतेतही रासायनिक क्रिया चालू राहते. काहींजवळ बर्फाच्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखणारी प्रथिने असतात. या सोयींची किंमतही असते. लवचीक विकर उष्णतेत लवकर मोडते, आणि जो जीव 4 अंशांवर सुखाने राहतो, त्याला 20 अंश हा ताप वाटू शकतो.

आता उष्णतेचा थेट परिणाम किती, ते तपासू. जानेवारीच्या थंडीत विरजण लागायला रात्रभर पुरत नाही आणि मे महिन्यात तेच दही सकाळपर्यंत आंबट होते, हा अनुभव घरोघरी आहे. तापमान 10 अंशांनी वाढले की जिवाणूंच्या क्रियांचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो, असा ढोबळ नियम आहे. हाच नियम 1 अंशाला लावला, तर वाढ सुमारे सात ते बारा टक्के येते. ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही, पण तळ्याचे रूप पालटून टाकण्याइतकीही नाही. तरीही प्रत्यक्षात 1 अंशाच्या आसपासच्या तापमानवाढीने काही तळ्यांचे रूप पालटलेले दिसते. या तफावतीचे उत्तर बर्फात आहे.

पाण्याचा एक विक्षिप्त गुण इथे महत्त्वाचा ठरतो. बहुतेक द्रव थंड होत जातात तसे जड होत जातात. गोडे पाणी मात्र 4 अंशांवर सर्वांत जड असते आणि त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. म्हणून तळे वरून गोठते, बर्फ तरंगतो आणि तळाशी 4 अंशांचे द्रव पाणी शिल्लक राहते. वर्षातून दोनदा, म्हणजे वसंतात बर्फ गेल्यावर आणि शरदात पाणी थंड होताना, वरपासून खालपर्यंत सारे पाणी साधारण एकाच तापमानाचे होते आणि वारा त्याची पूर्ण घुसळण करू शकतो. तेव्हा वरचा प्राणवायू तळाशी जातो आणि तळाची अन्नद्रव्ये वर येतात. इतर काळी तळ्यात थर पडलेले असतात आणि वरचे पाणी खालच्यात सहजासहजी मिसळत नाही. बर्फ उशिरा धरू लागला आणि लवकर फुटू लागला, की उन्हाळ्यातील थरांचा काळ लांबतो. कोमट पाणी वर अधिक काळ राहते, तळाशी अडकलेल्या पाण्यातील प्राणवायू जिवाणू संपवत जातात, आणि प्राणवायू संपला की गाळात धरून ठेवलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो. वरच्या कोमट, स्थिर थरात तरंगण्याची सोय असलेल्या सायनोबॅक्टेरियांचे फावते. तळे गोठण्याच्या नोंदी कुठे किती जुन्या असाव्यात? जपानमधील सुवा तळ्याच्या बर्फाची नोंद तेथील शिंतो मंदिराच्या पुजाऱ्यांनी 1443 पासून ठेवली आहे. पहिल्या अडीचशे वर्षांत ते तळे न गोठल्याचे हिवाळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. अलीकडच्या दशकांत ते वरचेवर येऊ लागले आहेत.

बर्फाखाली हिवाळाभर सारे काही झोपलेले असते, असा समज संशोधकांमध्येही बराच काळ होता. त्याचे एक अगदी व्यावहारिक कारण असे की बहुतेक मोजमापे उन्हाळ्यात होत असत. गोठलेल्या तळ्यावर उणे तापमानात भोके पाडत फिरणे कोणाला हौसेने करावेसे वाटेल? हा समज खोडून काढणारे उत्तम उदाहरण म्हणजे सैबेरियातील बैकाल. 1,642 मीटर खोलीचे हे जगातील सर्वांत खोल तळे आहे आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरील न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी साधारण एक पंचमांश पाणी त्यात आहे. हिवाळ्यात आणि वसंतात ते कित्येक महिने गोठलेले असते. मात्र तिथे हिमवर्षाव तुलनेने कमी असल्याने आणि वाऱ्याने बर्फावरचे हिम उडून जात असल्याने बराचसा बर्फ काचेसारखा पारदर्शक राहतो. त्यातून आत गेलेले ऊन बर्फालगतचे पाणी किंचित तापवते. ते पाणी 4 अंशांहून थंडच असल्यामुळे तापल्यावर हलके न होता जड होते आणि खाली जाते, त्याच्या जागी खालचे पाणी वर येते, आणि बर्फाखाली मंद घुसळण सुरू होते. औलाकोसेरा जातीचे डायटम जड असतात. स्थिर पाण्यात ते बुडून अंधारात गेले असते, पण ही घुसळण त्यांना प्रकाशात टिकवून ठेवते. काही वर्षी वसंतात, बर्फ अजून शाबूत असताना, त्यांची इतकी भरघोस वाढ होते की पुढच्या ऋतूंतील प्राणिप्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना, तोच मोठा आधार ठरतो.

बैकालची ही माहिती आपल्यापर्यंत पोहोचली ती एका कुटुंबाच्या चिकाटीमुळे, आणि हा भाग मला फार विलक्षण वाटतो. मिखाईल कोझोव्ह यांनी 1945 मध्ये बैकालच्या एकाच ठिकाणी नियमितपणे पाण्याचे नमुने घ्यायला आणि तापमान मोजायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर कन्या ओल्गा कोझोव्हा यांनी आणि पुढे नात ल्युबोव्ह इझमेस्त्येवा यांनी ते काम चालू ठेवले. हिवाळा असो वा उन्हाळा, युद्धोत्तर टंचाई असो वा सोव्हिएत संघाचे विघटन, नोंदी थांबल्या नाहीत. सुमारे 60 वर्षांच्या या नोंदींचे विश्लेषण 2008 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पृष्ठभागाजवळचे पाणी 1946 पासून सरासरी 1.21 अंश सेल्सियसने तापल्याचे दिसले. हरितद्रव्याचे प्रमाण वाढले होते, आणि कोमट पाण्यात वाढणाऱ्या, इतर तळ्यांतही सर्रास आढळणाऱ्या प्राणिप्लवकांची संख्याही वाढली होती. एवढे अवाढव्य तळे हवामानबदलाला दाद देणार नाही, अशी अपेक्षा होती. ती चुकीची निघाली. बर्फ पातळ झाला, उशिरा आला किंवा त्यावर हिमाचा जाड थर साचून प्रकाश अडला, तर बर्फाखाली वाढणाऱ्या डायटमांचा हंगामच धोक्यात येतो. थंडीत जगणारे जीव इथे उष्णतेने होरपळून नाहीसे होत नाहीत. त्यांच्या वाढीला लागणारे छप्पर जाते.

तापमानातील लहान बदलाचा मोठा परिणाम कसा होतो, हे त्याहून ठळकपणे दिसते ते कॅनडाच्या एल्समियर बेटावरील हेझन तळ्यात. सुमारे 82 अंश उत्तर अक्षांशावरचे हे तळे पाण्याच्या घनफळाने आर्क्टिकच्या अतिउत्तर भागातील सर्वांत मोठे मानले जाते. त्याच्या पाणलोट क्षेत्रात हिमनद्या आहेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या उन्हाळी हवेच्या तापमानात केवळ 1 अंशाच्या आसपास वाढ झाली. वर मांडलेल्या ढोबळ नियमाने जिवाणूंचा वेग दहा टक्क्यांनी वाढावा, एवढीच ही वाढ. पण हिमनदीला हा नियम लागू नाही. तिच्यासाठी शून्य अंश ही उंबरठ्याची जागा आहे. हवा उंबरठ्याच्या किंचित खाली असली तर बर्फ टिकतो आणि किंचित वर असली तर वाहू लागतो. परिणामी तळ्यात येणारे वितळपाणी आणि त्याबरोबरचा गाळ व सेंद्रिय कार्बन सुमारे दहा पट झाला. पाणी तळ्यात राहण्याचा सरासरी काळ 70 टक्क्यांहून अधिक घटला, आणि पूर्वी अनेक उन्हाळ्यांत टिकून राहणारा बर्फ आता उन्हाळ्यात जवळपास निश्चितपणे पूर्ण वितळू लागला. हिमनद्यांत गेल्या शतकात साठलेली प्रदूषके, ज्यांचा उल्लेख सुरुवातीला केला, तीही बर्फाबरोबर सुटून तळ्यात आली.

हिमनदीखालून येणारे पाणी दुधाळ असते, कारण खडक दळून झालेली अत्यंत बारीक भुकटी त्यात तरंगत असते. असे गढूळ, थंड पाणी तळ्यातील स्वच्छ पाण्याहून जड असल्याने नदीसारखे तळाशी धावते. त्यामुळे तळाच्या गाळात शांतपणे, ठराविक थरांत राहणारी वस्ती दर उन्हाळ्यात नव्या गाळाखाली गाडली जाते. प्राणवायू कुठवर पोहोचतो, अन्न कुठे साचते, कोणत्या थरात कोणती रासायनिक क्रिया चालते, हे सारे विस्कटते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेझनच्या गाळातील आणि भोवतालच्या मातीतील सूक्ष्मजीवांची डीएनएच्या आधारे पाहणी केली गेली. वितळपाण्याचा लोट मोठा असलेल्या जागी तेथील प्रमुख सूक्ष्मजीवांची विविधता कमी असल्याचे त्यात आढळले. पाणी वाढले, अन्न वाढले, म्हणजे जीवनही समृद्ध झाले असेल, या सहज अपेक्षेच्या हे उलट आहे. अशा तळ्यांबद्दलची बातमी वाचताना एकूण जीव वाढले की प्रकार वाढले, हा प्रश्न नेहमी वेगळा विचारावा. भरपूर अन्नाचा फायदा थोड्याच चपळ जातींना होतो आणि त्या बाकीच्यांची जागा व्यापतात. टंचाईत जगण्याचे अनेक मार्ग असतात आणि त्यामुळे प्रकारही अनेक असतात, तसे सुबत्तेचे नसते.

डायटमांच्या बाबतीत हेझनमध्ये झालेला बदल तर भूतकाळापर्यंत मागे नेऊन पाहता आला, कारण मेलेल्या डायटमाचे सिलिकाचे कवच गाळात शतकानुशतके टिकते. तळातून गाळाचा उभा स्तंभ काढून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की कोणत्या काळात कोणत्या जाती होत्या ते वाचता येते. हेझनमध्ये पूर्वी काठालगत, दगडांना चिकटून राहणाऱ्या जातींचे वर्चस्व होते, कारण उन्हाळ्यात फक्त काठाचा बर्फ सुटायचा आणि तेवढ्याच पट्ट्यात मोकळा प्रकाश मिळायचा. मधला बर्फ जाऊ लागल्यावर खुल्या पाण्यात तरंगणाऱ्या जाती पुढे आल्या. तळ्यात माशाची एकच जात आहे, आर्क्टिक चार. त्या माशांची शारीरिक अवस्थाही खालावल्याचे त्याच अभ्यासात नोंदले आहे.

आतापर्यंत हवामान सूक्ष्मजीवांना काय करते, ते पाहिले. सूक्ष्मजीवही हवामानाला काही परत करतात, आणि त्याचे मुख्य चलन मिथेन हे आहे. उत्तरेकडील कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे 1,500 अब्ज टन कार्बन साठलेला असल्याचा अंदाज आहे. वातावरणात आज असलेल्या कार्बनच्या तो जवळपास दुप्पट आहे. ही जमीन वितळली की ती खचते, खळग्यांत पाणी साचते आणि नवी तळी तयार होतात. हजारो वर्षे गोठून राहिलेला पालापाचोळा प्राणवायू नसलेल्या तळाशी आर्कियांच्या हाती लागतो आणि ते त्यापासून मिथेन बनवतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. अलास्कातील गोठलेल्या तळ्यांच्या बर्फात मिथेनचे बुडबुडे अडकलेले दिसतात आणि बर्फाला भोक पाडून काडी लावली तर ज्वाला उठते.

सुदैवाने त्याच पाण्यात मिथेन खाणारे जिवाणूही असतात. विरघळून हळूहळू वर येणाऱ्या मिथेनचा मोठा वाटा ते प्राणवायूच्या साहाय्याने वापरून टाकतात. पण बुडबुड्यांच्या रूपाने वर सुटलेला वायू त्यांच्या हाती लागत नाही, आणि उथळ तळ्यात बुडबुड्याला वर यायला क्षणही लागत नाही. एखादे तळे वातावरणाला किती मिथेन देईल, हे मिथेन बनवणारे आणि मिथेन खाणारे यांच्या जमाखर्चावर अवलंबून असते. तळे खोल आहे की उथळ, प्राणवायू कोठपर्यंत आहे, बर्फ किती महिने आहे, यांवर तो जमाखर्च बदलतो. म्हणून एका तळ्यातील आकडा उत्तरेकडील सर्व भागांना लावून मोठे निष्कर्ष काढणाऱ्या लेखनाकडे मी जरा सावधपणेच पाहतो.

आपल्या देशाचा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. एक बाजू अंटार्क्टिकाची आहे. कोल्हापूरहून फार दूर नसलेल्या गोव्यात, वास्को येथे, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे आणि भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे काम तेथून चालते. अंटार्क्टिकातील शिरमाकर ओॲसिस या हिममुक्त खडकाळ पट्ट्यात भारताचे मैत्री हे केंद्र आहे. त्याच्या शेजारच्या तळ्याला प्रियदर्शिनी असे नाव दिले गेले आणि केंद्राला लागणारे पाणी त्यातूनच घेतले जाते. या पट्ट्यातील तळ्यांच्या जिवाणूंवर भारतीय प्रयोगशाळांनी बराच अभ्यास केला आहे.

दुसरी बाजू हिमालयाची, आणि ती आपल्या अधिक ओळखीची आहे. पँगाँग, त्सो मोरिरी, चंद्रताल ही नावे लडाख-स्पितीला जाऊन आलेल्या कोल्हापूरकरांना परिचित आहेत. हिमालयातील तळ्यांची सार्वजनिक चर्चा मात्र जवळजवळ केवळ फुटण्याच्या धोक्यापुरती राहते. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधील साउथ ल्होनाक तळे फुटून तीस्ता खोऱ्यात आलेला विनाशकारी पूर पाहता ते समजण्यासारखे आहे. पण त्याच तळ्यांच्या आत काय बदलते आहे, याकडेही लक्ष जायला हवे, कारण हिमालय म्हणजे काही लहान आर्क्टिक नव्हे. लडाख विषुववृत्ताला बरेच जवळ आहे, तिथल्या या तळ्यांची उंची 4,000 मीटरच्या पुढे आहे आणि हवा विरळ आहे. त्यामुळे तिथल्या सूक्ष्मजीवांना थंडीबरोबरच प्रखर अतिनील किरणांनाही तोंड द्यावे लागते. पुष्कळ जिवाणू पिवळी, नारिंगी किंवा लालसर रंगद्रव्ये बनवून त्यापासून स्वतःचा बचाव करतात. गढूळ वितळपाण्याने किरण अडले, तर हा बचाव काही काळ अनावश्यक ठरतो आणि रंगद्रव्यावर शक्ती न खर्चणाऱ्या जातींना संधी मिळते.

हा काळ कायम टिकणार नाही. हिमनदी आक्रसत जाते तेव्हा वितळपाणी आधी वाढते आणि एका शिखरावर पोहोचल्यावर, बर्फच कमी उरल्यामुळे, घटू लागते. पहिल्या टप्प्यात तळ्याला हेझनसारखे गढूळ लोट झेलावे लागतात. दुसऱ्या टप्प्यात गाळ कमी होतो, पाणी निवळते, प्रकाश आणि अतिनील किरण पुन्हा खोल जातात, आणि पहिल्या टप्प्यात स्थिरावलेल्या जाती मागे पडतात. ज्या तळ्यांतून पाणी बाहेर वाहत नाही, त्यांच्या बाबतीत पुढे आणखी एक टप्पा येतो. पँगाँग आणि त्सो कार ही अशीच बंद खोऱ्यातील तळी आहेत. त्यांत आलेले पाणी केवळ बाष्पीभवनाने जाते आणि क्षार मागे राहतात. त्सो कारच्या भोवती, आजच्या पाण्याच्या कितीतरी वर, जुन्या किनाऱ्यांच्या खुणा दिसतात. ते तळे पूर्वी बरेच मोठे आणि कमी खारे होते. येणारे पाणी घटले आणि उन्हाळे लांबले, तर अशा तळ्यात कोण टिकेल हे थंडी सोसण्याच्या क्षमतेपेक्षा मीठ सोसण्याच्या क्षमतेवर ठरेल. मग ज्या सूक्ष्मजीवांना आज आपण थंड पाण्याचे रहिवासी म्हणून ओळखतो, त्यांच्या जागी खाऱ्या पाण्याचे रहिवासी येतील.